भरती इली काय?

लाइट येईपर्यंत सांगते. तो कंदील जरा तिकडे सरकव, डोळ्यांवर येतोय.

मी तेव्हा मालवणजवळच्या एका सरकारी संग्रहालयात आस्थापना शाखेत होते. आस्थापना म्हणजे माणसांचं काम. रजा, बदल्या, सेवापुस्तकं, रिकामी पदं भरायची जाहिरात, सगळं माझ्या टेबलावरून जायचं.

त्या वर्षी मे महिन्यात होडी दालनाच्या परिचर राधाबाई निवृत्त झाल्या. तीस वर्षं त्या एकाच खुर्चीत बसल्या. दालनात एक जुनी मासेमारीची होडी होती, तिची चार वल्ही भिंतीवर टांगलेली, बाकी फारसं काही नाही. राधाबाईंच्या जागी ओमकारला दिलं. महिन्याभरात त्याचा बदलीचा अर्ज आला. मग सलोनीला दिलं, तिचाही अर्ज आला. कारण दोघांनी जवळजवळ एकाच शब्दांत लिहिलं होतं. 'दुपारच्या वेळी दालनात कोणीतरी सारखे भरतीबद्दल विचारते.'

मला हसू आलं. सरकारी भरतीची वाट बघणारी माणसं आपल्या जिल्ह्यात काय कमी आहेत?

तिसरी सुशीला. कंत्राटी, नव्यानेच लागलेली. चौथ्याच दिवशी ती दालन सोडून बाहेर पायऱ्यांवर बसलेली अधीक्षकांना दिसली. त्यांनी मला बोलावलं आणि सांगितलं, "अक्षयाबाई, हिचं कंत्राट संपवा. नोटीस आजच काढा."

मी आधी सुशीलाला बोलावलं. ती टेबलासमोर उभी राहून पदराचं टोक पिळत होती.

"मॅडम, मी काम टाळत नाही. पण तो विचारतो... आणि दालनात कोणीच नसतं."

"काय विचारतो?"

"भरतीचं."

नोटीस मी दोन दिवस पुढे ढकलली. तिच्या समाधानासाठी दालनाच्या दारावर एक पाटी लावली. 'भरतीविषयी चौकशी आस्थापना शाखेत करावी.'

दुसऱ्याच दिवशीची गोष्ट. पावणेतीन वाजले असतील. शाखेतली बाकीची जेवून चहाला गेली होती, मी एकटीच होते. आधी वास आला. ओल्या जाळ्याचा, शेवाळाचा, खडकातल्या साचलेल्या पाण्याचा. मला वाटलं, खिडकीतून येतोय. उठून खिडकी लावली, तर वास वाढला. मग व्हरांड्यातून आवाज येऊ लागला... लाकडावर लाकूड घासल्याचा. वल्हं होडीच्या कडेला घासतं ना, तसा. थांबत थांबत तो दारापर्यंत आला, आणि माझ्या टेबलापाशी बंद झाला.

"भरती... इली काय गो?"

अगदी कानाशी. आवाजात राग नव्हता, घाईही नव्हती. नुसता दमलेला होता. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की हा कुठली भरती विचारतोय.

त्याने पुन्हा एकदा विचारलं. मग तो वाट बघत उभा राहिला. दिसत काही नव्हतं, पण समोर कोणीतरी उत्तरासाठी थांबलंय, हे कळतं माणसाला. बऱ्याच वेळाने वास हळूहळू मागे सरला. फरशीवर, टेबलासमोर, थोडी रेती होती.

मी पाटी काढून टाकली, आणि रविवारी मिठबावला राधाबाईंकडे गेले.

त्या घरासमोरच्या खळ्यात बसून झाडूसाठी माडाचे हीर सोलत होत्या. माझ्याकडे एकदाच बघितलं.

"तुमच्याकडे इलो?"

मी मान हलवली.

"बसा. पाणी देतंय."

पाणी दिलं, पुन्हा हीर सोलायला घेतले, आणि खाली बघतच सांगायला लागल्या. "गणपत, भिकाजी, शिवा आणि गंगू. आमच्याच वाडीतले चौघे. खाडीच्या तोंडार रेव चडलेली. पाणी चडल्याबगर होडी आत येवची नाय. म्हणान भायर थांबले, भरतीची वाट बघीत. तेवड्यात वारो सुटलो. दुसऱ्या दिवशी होडी इली, रिकामी. तीच ती, तुमच्या दालनातली."

"तुमचे कोण होते ते?"

"कोण नाय. पण माणूस इचारता, तर तेका उत्तर देवक नको?"

"काय सांगायचात तुम्ही?"

"'अजून नाय रे. निजा वायच.' मगे निजतत."

मी विचारलं, "आणि आली म्हणून सांगितलं असतं तर?"

त्यांचा हात थांबला. लाजल्यासारख्या झाल्या.

"तीस वर्सां माझ्यावांगडा होते ते. गेले असते, तर माका करमला नसता."

सोमवारी मी नोटिशीचा मसुदा फाडला. सुशीलाची तब्येत बरी नव्हती, आता बरी आहे, असं अधीक्षकांना सांगितलं. मग तिला दालनात नेऊन राधाबाईंचे शब्द शिकवले. तिने ते दोनदा म्हणून बघितले, घाबरत घाबरत. त्या दुपारी ती खुर्चीवरून उठली नाही.

पुढे तिला त्यांची सवयच झाली. बाजारात बांगडा आला की नाही, कोणाच्या जाळ्याला काय लागलं, हे ती त्या होडीला सांगत बसायची. मी मुद्दाम त्या बाजूने जायचे. होळीच्या आधीच्या त्या महिन्यांत तक्रारीचा एकही कागद आला नाही.

मग एक दिवस दुपारी ती माझ्याकडे आली. ऑफिसातली भाषा विसरली होती.

"मॅडम, आज माझ्यान खोटा बोलवला नाय."

"म्हणजे?"

"माझो घोव आठ म्हयने बोटीर आसा. कधी येतलास इचारलंय, की म्हणता, अजून नाय. ह्या ऐकान कसा वाटता, ता माका म्हायत आसा. आज मी तेंका सांगलंय. भरती इली. जावा घराक."

आम्ही दोघी धावत दालनात गेलो. भिंतीवरची चारही वल्ही ओली होती. त्यांच्या टोकांवरून पाणी गळत होतं, थेंब थेंब. दालन मोकळं वाटत होतं, गणपती पोचवून आल्यावर घर वाटतं तसं. सुशीलाने तोंडाला पदर लावला. मलाही रडू आलं, आणि बरंही वाटलं. गेले बिचारे, एवढ्या वर्षांनी.

आम्ही दाराकडे वळलो.

"आणि... मी गो?"

होडीच्या तळातून आला आवाज. बारीक. बाईचा की पुरुषाचा, मला आजही सांगता येणार नाही. त्या दमलेल्या आवाजांपैकी तो नव्हता, एवढं नक्की.

सुशीलाने माझं मनगट घट्ट धरलं. मला वाटलं, ही आता पळणार, आणि मीही पळणार. पण तिने हात सोडला. खुर्ची ओढून होडीच्या अगदी जवळ नेली आणि बसली.

"मी आसंय हंय," ती हळू म्हणाली. "निज तू."

आवाज पुन्हा आला नाही.

मी बाहेर येऊन राधाबाईंना फोन लावला. चौघे गेल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरा केल्यान पोरीन. माझ्यान झाला नसता."

मग मी त्यांना मागे राहिलेल्या आवाजाचं सांगितलं.

फोनमधून समुद्राची गाज येत होती.

"मॅडम..." राधाबाई म्हणाल्या, "होडयेत चारच होते."