बाईंचा पेपर

नजमुन्निसाबाईंचा फोन आला तेव्हा प्रेमदास राठोड जवळा बाजारच्या मोंढ्यात सोयाबीनच्या भावाचा व्हिडिओ करत होता. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात माईक. पहिल्या पाच सेकंदांत बघणारा थांबला पाहिजे, असं हिंगोलीच्या ऑफिसातून संतोष रोज बजावायचा. संतोष त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, पण आता संपादक तोच होता. तेवीस वर्षं प्रेमदासने 'दैनिक कयाधूकाठ'ला बातम्या लिहिल्या होत्या. मागच्या मार्चअखेर छपाई थांबली. उरलं ते पोर्टल, आणि त्यावरचे सत्तर सेकंदांचे व्हिडिओ.

"प्रेमदास, कालच्या बातमीत 'दुरुस्ती' चुकलंय तुझं," बाई म्हणाल्या. "रु ऱ्हस्व असतो. चौथीत घोकून घेतलं होतं मी."

बाई त्याच्या शाळेतल्या. निवृत्तीला सोळा वर्षं होऊन गेली, तरी लाल पेन हातात घेतल्याशिवाय त्यांना वाचता येत नसे. प्रेमदासला हसू आलं.

"कोणती बातमी, बाई?"

"तांड्याच्या शाळेतल्या टाकीची."

त्याने माईक खाली घेतला. टाकीची बातमी त्याने दिलीच नव्हती.

आठवड्यापूर्वी, बाजाराच्या दिवशी शिला त्याला भेटली होती. ती त्याच्याच तांड्यावरची, शाळेत खिचडी शिजवायची. भाजीची पिशवी कमरेवर घेऊन ती म्हणाली होती, "भाऊ, टाकीच्या खांबाला हात जाईल एवढी भेग पडली. लेकरं तिच्याच खाली पाणी पिऊन राहिले. कायतरी छापा की." प्रेमदासने तिथूनच संतोषला फोन लावला. संतोष म्हणाला, "काका, भेग कोण बघतं? पडली की पाठवा." विषय तिथेच संपला. त्यानंतर प्रेमदासने ना कुठे एक ओळ लिहिली, ना कोणाला काही सांगितलं.

बाईंकडे साधा बटणांचा फोन होता. त्यावर पोर्टल दिसत नाही.

मशिदीमागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. खिडकीशी खाट, खाटेवर वर्तमानपत्रांची चळत. बाईंनी वरचा अंक काढून त्याच्या हातात दिला. 'कयाधूकाठ'चं तेच शीर्ष, तोच पिवळसर कागद. तारीख कालची. चौथ्या पानावर तळाशी, एका स्तंभात: 'शाळेच्या टाकीला तडा, दुरूस्तीची मागणी'. खाली त्याचं नाव. बातमी वाचताना तो दोनदा थांबला. त्याने लिहिली असती तर अशीच लिहिली असती. शिलाचं 'हात जाईल एवढी' हे बोलणंही त्यात जसंच्या तसं होतं.

कागद खाली ठेवला तेव्हा अंगठ्याला शाई लागली होती.

"कोण आणून टाकतं, बाई?"

"रोजच्यासारखा येतो. नमाज झाली की दार उघडते, पायरीवर असतो." बाईंना त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. छपाई बंद झाल्याचं तो सांगायला गेला, तर त्यांनी चळतीकडे नुसता हात केला.

तो अंक घेऊन प्रेमदास कय्युमच्या टपरीवर गेला. कय्युम पंचवीस वर्षं पेपरचा एजंट होता. आता त्याच टपरीत मोबाईलची कव्हरं लटकत होती.

"एप्रिलपासून मी एक बी पेपर टाकला न्हाई, प्रेमदासभाऊ. कुठून टाकू?" कय्युमने अंक उलटा केला, खालच्या कडेवरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबला. तिथे कागद नखाएवढा फाटलेला होता. "ही तर आपल्याच मशीनची कड. कागद कापायच्या पात्याचा दात तुटला होता ना. धा वर्षं असाच फाटका येत होता."

"मशीन भंगारात गेली, कय्युमभाई. तिचे तुकडे ट्रकात भरताना मीच व्हिडिओ केला."

"मालूम है," कय्युम म्हणाला. त्याने अंकाची घडी बरोबर पूर्वीसारखी घातली, परत दिला आणि हात पँटला पुसले.

प्रेमदास चमत्कारांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हता. देवीच्या मूर्तीतून पाणी येतं म्हणून गर्दी झाली, तेव्हा मागचा फुटका नळ त्यानेच शोधला होता. कोणीतरी हौसेने चार पानं छापून म्हाताऱ्या बाईची चेष्टा करतंय, असं त्याने स्वतःला समजावलं. अंक त्याने त्याच संध्याकाळी बाईंना परत नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा त्यांच्याकडे गेला आणि एप्रिलपासूनचे सगळे अंक जमिनीवर मांडून बसला.

वारंगा फाट्यावरच्या थांब्याचं छप्पर उडाल्याची बातमी होती. बारा वर्षं एकटीने अंगणवाडी चालवणाऱ्या लक्ष्मीबाई गेल्याची होती. तांड्यावरच्या मिनाने तालुक्यात पहिली येऊनही कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं, तेही होतं. हे सगळं त्याच्या कानावर आलेलं होतं. कोण बघतंय, म्हणून त्याने सोडून दिलेलं.

मे महिन्यातल्या एका अंकात रतनसिंगची बातमी होती. तांड्यावरचा हा म्हातारा मरण्याआधी दोन दिवस प्रेमदासशी बोलला होता. खोलीत दोघंच होते. लेकरांना सांगू नको म्हणाला होता, आणि प्रेमदासने खरंच कोणाला सांगितलं नव्हतं. बातमीत त्याने गुप्त ठेवलेली तेवढी वाक्यं गाळलेली होती. त्यांच्या जागी तीन ओळींएवढा कागद कोरा होता.

त्याने अंक मिटला. पाणी मागितलं.

"टाकीचं कात्रण मी आज सकाळीच ग्रामसेवकाला नेऊन दिलं," बाई पाणी देत म्हणाल्या. "छापून आलंय म्हटल्यावर उठला मुकाट्याने. काटेरी तार बांधली, लेकरांना हापशावर धाडलं."

त्यानंतर सहाव्या दिवशी, सकाळी अकराला, टाकी पडली. शाळा भरलेली होती. तारेच्या आत कोणीच नव्हतं, एक कुत्रंसुद्धा नाही. प्रेमदासने धुळीचा, वाकलेल्या सळयांचा, रडणाऱ्या मास्तरांचा व्हिडिओ केला. संध्याकाळपर्यंत तो तीन लाख लोकांनी पाहिला. संतोषने फोन करून म्हटलं, "काका, आता जमायला लागलं तुम्हाला."

शिला त्याला शाळेच्या फाटकाशी भेटली. तिचे हात हळदीचे होते. "तुमी छापलं म्हणून लेकरं वाचले, भाऊ," ती म्हणाली.

प्रेमदासने मान डोलावली. नंतर त्याला वाटलं, तेव्हाच खरं सांगायला हवं होतं.

संध्याकाळी तो बाईंकडे गेला.

"उद्या फजरच्या नमाजाआधी येऊन ओसरीवर बसतो. कोण टाकतं ते बघतो."

"बस की," बाई म्हणाल्या. "चहा करते तुझ्यासाठी."

तो आला तेव्हा तांबडं फुटायचं होतं. पायरी मोकळी होती. त्याने ती हाताने चाचपून पाहिली. मग भिंतीला टेकून बसला, गल्लीची दोन्ही टोकं दिसतील असा. अजान झाली. समोरच्या घरात कोणीतरी चूल पेटवली. एक शेजारीण शेळी सोडून परत आत गेली. गल्लीत दुसरं कोणीही आलं नाही.

त्याने डोळा मिटला नव्हता. याबद्दल त्याला पुढेही कधी शंका आली नाही.

उजाडलं, आणि पेपर पायरीवर होता.

कागद कोमट होता.

पहिलं पान त्याने पाहिलंच नाही. सरळ चौथं उघडलं. तळाशी, एका स्तंभात:

'जवळा बाजार, ता. १४ (वार्ताहर) : येथील सेवानिवृत्त शिक्षिकेच्या ओसरीवर आज पहाटेपासून एक अनोळखी इसम बसून असल्याचे आढळून आले. विचारपूस केली असता त्याने आपले नाव सांगितले. मात्र त्या नावाचा मनुष्य गावात कोणाच्याही परिचयाचा नाही. वृत्त लिहीपर्यंत त्याची ओळख पटलेली नव्हती.'

वार्ताहराचं नाव नव्हतं. बातमीत एकही चूक नव्हती.

आत पावलं वाजली. कपबशी ठेवल्याचा आवाज आला. दार बोटभर उघडलं.

"कोण आहे बाहेर?" बाईंनी विचारलं.

"मी, बाई. प्रेमदास."

फटीतून बाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मग दार लोटलं गेलं. खालची कडी लागली. थोड्या वेळाने वरचीही.