धारनाकाने दाखवलेली शीव

सोनजाईगडाच्या पूर्व बुरुजावर सूर्यकिरणे उतरली, तेव्हा पायथ्याच्या आंबवणे गावची सारी रयत नदीकाठच्या शिवारात हवालदारासमोर हात बांधून उभी होती. सरकारातून नव्या पैमाईशीचा हुकूम सुटला होता. आज मोजणीची दोरी पडेल तिथे हद्द कायम होणार, आणि ज्याच्या नावे जमीन लिहिली जाईल, त्याच्या वंशाकडे ती चालणार होती. दुष्काळात गाव परागंदा झाला असता हैबतराव देशमुखांनी शिवेचे धोंडे उपटून नदीकाठची काळीभोर जमीन गिळली होती. खरी शीव आता एकट्या धारनाक महाराला ठाऊक होती. शीव चालून दाखवणे हे त्याच्या घराण्याचे वतन. त्याचा शब्द दरबारातही प्रमाण.

देशमुखांनी त्याला बाजूला घेतले. "ओढ्याच्या अलीकडून चाल. दोन बिघे तुझ्या नावे लिहून देतो. तुझ्या सात पिढ्यांत कुणी स्वतःच्या रानात नांगर धरलाय?"

धारनाकाने ओढ्यापलीकडच्या काळ्या रानाकडे पाहिले. कुणीच धरला नव्हता.

"जोहार, सरकार. पर बापानं हाताला धरून ही शीव दावलीया. पाय दुसरीकडं वळायचं न्हाईत."

"पाय राहतात का, ते बघ!"

शपथेखातर माथ्यावर शिवेची माती घेऊन, दुतर्फा देशमुखांचे स्वार तलवारीच्या मुठींवर हात ठेवून चालत असताना, धारनाक ओढा ओलांडून थेट देशमुखांच्या उभ्या जोंधळ्यात शिरला आणि मधोमध थांबला. "हवालदारसाहेब, हितं खणा."

हातभर खाली जुन्या शिवेची खूण म्हणून पुरलेला कोळसा निघाला.

"देशमुख, धरतीनेच साक्ष दिली," हवालदार म्हणाले. "दोरी इथूनच पडेल."

जमीन गावाला परत देणारा निवाड्याचा महजर लिहिला गेला. कुणब्यांनी खाली सहीऐवजी नांगराच्या निशाण्या केल्या. धारनाक रखमाजी पाटलापुढे वाकला. "पाटीलबाबा, वढ्याकाठचा येक तुकडा माज्या नावं…"

पाटलाने नजर वळवली. "तू नांगर धरलास तर शीव कोण राखणार?" चारदोघे हसले.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी देशमुखांच्या स्वारांनी धारनाकाचे घर पेटवले. नदी हाकेच्या अंतरावर. पण घागरभर पाणी घेऊन कुणी धावले नाही.

बायको सटवाईला घेऊन तो निघाला, तेव्हा शेतात औत थांबवून पाटील बांधावर आला. "धारनाका, जायच्या आधी कुणाला तरी शीव दाखवून जा बाबा."

धारनाकाने घाटाची वाट धरली. तो परतला नाही. त्याच्या वतनावर देशमुखांनी आपल्या मर्जीतला माणूस बसवला, आणि गावाने तेही मुकाट्याने मान्य केले.