चौथं वांगं

इंग्लंडात एप्रिलमध्ये गारा पडतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी कुठे ऐकलं असतं? ऑफिस सुटलं की घरी जायला रोज नवा रस्ता धरायचा, हा माझा खाक्या. त्या दिवशीचा रस्ता गावाच्या अलॉटमेंटमधून जात होता. तिथे लोक भाड्यानं वाफे घेऊन भाजी लावतात. टपोऱ्या गारा डोक्यात बसायला लागल्या तशी मी समोर दिसलेल्या पॉलिटनलमध्ये, त्या प्लास्टिकच्या लांबट बोगद्यात, शिरले.

आत ओल्या मातीचा वास होता... आणि चक्क मराठी ऐकू येत होतं.

"मुळाशी पाणी घाल. डोक्यावर नको. आंघोळ घालतोयस का त्यांना?"

आवाज एका उपड्या कुंडीवर ठेवलेल्या फोनमधून येत होता. त्याच्यासमोर एक उंच मुलगा गुडघे टेकून बसला होता आणि वीतभर रोपांना झारीनं पाणी घालत होता.

"आई, मुळाशीच घालतोय. You can't even see it."

"मला ऐकू येतंय," फोन म्हणाला.

मला हसू आवरलं नाही. तो दचकून वळला आणि झारीतलं सगळं पाणी माझ्या बुटांवर गेलं.

"कोण आहे तिथे?" फोननं लगेच विचारलं.

"कोणी नाही, मावशी," मी म्हणाले. "गारा थांबल्या की जाते."

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज. मग, "अगं बाई, मराठी? नकुल, तिला बसायला काहीतरी दे."

त्यानं फोन उचलून ती उपडी कुंडी माझ्याकडे सरकवली. त्याचे कान लाल झाले होते. थोड्या वेळानं गारा थांबल्या, पण मी काही उठले नाही.

नकुल लंडनच्या पिनर भागातला. तिथेच जन्मला, तिथेच वाढला, आता इथे बेसिंगस्टोकच्या एका शाळेत गणित शिकवतो. त्याची आई अरुणामावशी पिनरहून फोनवर शेती करतात आणि हा इथे राबतो. त्याचं मराठी ऐकून माझ्या नागपूरच्या शाळेतल्या बाईंनी कपाळाला हात लावला असता. 'माझा आई' म्हणतो, 'वांगा मोठा झाली' म्हणतो. पण बोलताना तो तुमच्याकडे असा बघतो की चूक दुरुस्त करायचं राहून जातं.

माझं म्हणाल, तर मी एका जागी टिकत नाही. नागपूर सोडलं, पुणं सोडलं, इथे आल्यापासून घरं बदलतेच आहे. सामान दोन बॅगांच्या वर जाऊ द्यायचं नाही, पडदे विकत घ्यायचे नाहीत. कुणी 'थांब' म्हणायच्या आत आपण निघावं. अशा बाईच्या गळ्यात नकुलनं वांग्याची अर्धी रोपं मारली.

"तू नागपूरची ना? मग वांगी तुला यायलाच पाहिजे."

"खायला येतात. लावायला नाही."

"शिक मग. ऑगस्टमध्ये गावाचा show आहे, भाज्यांची competition. मी enter करतोय. तूपण कर."

"ऑगस्टपर्यंत मी इथे असेन कशावरून?"

"झाडं असतील," तो म्हणाला. "कोणीतरी पाणी घालायला लागेल."

आणि मी घालत राहिले, याचं मलाच नवल वाटत होतं. सकाळी ऑफिसच्या आधी, संध्याकाळी ऑफिसनंतर. जूनमध्ये जांभळी फुलं आली तेव्हा तो ब्रशनं परागकण कसे लावायचे ते दाखवत होता आणि मी त्याच्या मनगटाकडे बघत होते. फुलांचं काय झालं ते मला आजही सांगता येणार नाही.

रविवारी मी डबा न्यायचे. पोळ्या आणि जी असेल ती भाजी, कुंड्यांच्या मध्ये सतरंजी टाकून. एकदा त्यानं दोन पोळ्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली. मी तिचे दोन तुकडे करून वाढले.

"हे काय?"

"ताटात तीन वाढू नयेत. काम बिघडतं."

"माझा आई पण same करते." तो हसायला लागला. "एक पोळी तोडली की दोन होतात? मंजिरी, मी maths शिकवतो. हे मी accept करू शकत नाही."

"नको करूस. गप जेव."

"Software engineer आहेस तू. आणि तीनला घाबरतेस."

"घाबरत नाही. सवय आहे."

तो दिवसभर मला तीन बोटं दाखवून चिडवत होता. शेवटी मी त्याच्या अंगावर चिखल फेकला.

जुलैत हिलरी आली. हिलरी म्हणजे अलॉटमेंटची सेक्रेटरी, सत्तरीची, ताठ कण्याची, आणि गावाच्या शोमध्ये तिचा शब्द म्हणजे कायदा. तिनं आम्हाला वांग्यांचा नियम समजावला. एका प्लेटमध्ये तीन वांगी. तिन्ही सारख्या आकाराची, देठासकट. एकही जास्त नाही, एकही कमी नाही, नाहीतर परीक्षक पुढे न बघताच बाद करतात. 'तीन' म्हणताना नकुलनं माझ्याकडे पाहिलं. मी नाही पाहिलं.

ती असतानाच त्यानं पैज लावली, तिलाही कळावी म्हणून इंग्रजीत. "जो जिंकेल तो एक प्रश्न विचारणार. हरलेल्यानं खरं उत्तर द्यायचं."

"कसला प्रश्न?"

"जिंकलो की कळेल."

रात्री झोप लागेना. त्यानं काय विचारावं असं मला वाटत होतं, ते मला पक्कं ठाऊक होतं. आणि मी जिंकले तर काय विचारणार, तेही.

शोच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, ऑफिसची मेल आली. प्रोजेक्ट संपतंय. पुण्याला परत या, नाहीतर इथून जवळच, रीडिंग शहरातल्या एका क्लायंटकडे जागा आहे, ती घ्या. सोमवारपर्यंत कळवा.

पूर्वीची मी असते तर जिन्यातच 'पुणे' लिहून मोकळी झाले असते. त्या दिवशी मी तडक अलॉटमेंटवर गेले. नकुल वांग्यांच्या फांद्या काठीला बांधत होता. मी सगळं एका दमात सांगितलं आणि वाट बघत उभी राहिले.

त्याच्या हातातली सुतळी थांबली.

"पुण्याला... for good?"

"हो. बहुतेक."

"आणि रीडिंग?"

"रीडिंगला तरी काय आहे माझं?"

तो बराच वेळ गाठ मारत राहिला. गाठीवर गाठ, गाठीवर गाठ.

"It's your call, मंजिरी," शेवटी तो म्हणाला. "तुला जे बरोबर वाटेल ते कर."

इतका राग आला मला. इतका, की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्याला दिसू नये म्हणून मी टोमॅटोंकडे तोंड फिरवलं. एक शब्द म्हणायचा होता त्यानं, दोन अक्षरी. तो शब्द मला आयुष्यात कुणी म्हटला नव्हता.

"बरं," मी म्हणाले. "उद्या भेटू. हरायला ये."

शनिवारी सकाळी ढग दाटून आले होते, पाऊस मात्र पडत नव्हता. गावाच्या हिरवळीवर मोठा पांढरा तंबू लागला होता. आत डेलियाची फुलं, जॅमच्या बाटल्या, स्कोनचे गोड पाव, व्हिक्टोरिया स्पंज केक आणि लांबच लांब टेबलांवर भाज्या. लोक केक ठेवतानासुद्धा श्वास रोखून धरत होते. नकुल आणि मी पायीच आलो होतो, वाटेत जेमतेम चार वाक्यं बोललो असू. दोघांच्याही पिशव्यांत एक-एक वांगं जास्तीचं होतं, वाटेत एखादं आपटलं तर असावं म्हणून. हिलरीनं आमच्या प्लेट्स टेबलाच्या दोन टोकांना ठेवायला लावल्या आणि मध्ये आपली ठेवली.

"शेजारी ठेवल्या तर भांडाल," ती म्हणाली.

मी माझी तीन वांगी पुसली आणि मांडली. देठ एका दिशेला, पोटं चकचकीत. सुरेख दिसत होती. मग घंटा झाली आणि हिलरीनं सगळ्यांना बाहेर काढलं. आता परीक्षक आत जाणार आणि दुपारपर्यंत तंबू बंद.

बाहेर आले आणि पुन्हा बोटांवर मोजलं. तीन. आज, नेमकं आज, मी तीन ठेवून आले होते. मी स्वतःला समजावलं की हा वेडेपणा आहे, वांग्यांचा आणि माणसांचा काही संबंध नसतो. पण पाय ऐकेनात.

"पेन राहिलं," मी म्हणाले आणि आत पळाले. पिशवीतलं चौथं वांगं प्लेटमध्ये ठेवलं, इकडेतिकडे न बघता बाहेर आले. आपण आत्ता आपल्या हातानं बक्षीस घालवलं, हे मला पुरतं कळत होतं. पाय मात्र आता ऐकत होते.

"माझी गाडीची किल्ली राहिली," नकुल म्हणाला आणि आत गेला. तोही लगेच परतला.

मग ती दुपार. आम्ही चहा घेतला, तो गार झाला. कुत्र्यांची स्पर्धा बघितली, कुठलं कुत्रं जिंकलं ते कळलं नाही. मी बाकावर बसायचे, उठायचे, तंबूला फेरी मारायचे, परत बसायचे. नकुल घड्याळ बघायचा, मग माझ्याकडे, मग पुन्हा घड्याळ.

"मंजिरी..."

"काय?"

"काही नाही. स्कोन पाहिजे?"

"नको."

दोन वाजता तंबूच्या दाराचा दोर सोडला. मी माझ्या टोकाला गेलेच नाही, तिथे काय असणार ते मला माहीत होतं. मी सरळ त्याच्या प्लेटकडे गेले, पहिल्या नंबरचं लाल कार्ड बघायला. तो हसेल, प्रश्न विचारेल, मी खरं उत्तर देईन, असं सगळं मनात ठरलं होतं.

त्याच्या प्लेटवर पांढरं कार्ड होतं. 'नियमाप्रमाणे नाही.'

मी वांगी मोजली. परत मोजली. चार होती.

मान वर केली तर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नकुल माझ्या प्लेटसमोर उभा होता, आणि त्याचंही तोंड उघडंच राहिलं होतं. मला आठवलं, आम्ही पायी आलो होतो. कसली गाडी आणि कसली किल्ली?

मध्ये हिलरीची प्लेट होती. तीन वांगी, लाल कार्ड. ती हातात पर्स धरून शांतपणे आमच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"मी जिंकले," ती म्हणाली. "पैज मी ऐकली होती. म्हणजे प्रश्न माझा." तिनं एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "एक गणिताचा शिक्षक, एक कम्प्युटरवाली. दोघांनाही मी तीन म्हणून सांगितलं होतं. चार का ठेवलीत? खरं उत्तर हवं."

नकुलचे कान लाल झाले, अगदी एप्रिलमधल्यासारखे. तो तिला इंग्रजीत म्हणाला, "माझी आई म्हणते, ताटात तीन ठेवले की मनातलं काम बिघडतं."

"आणि तुझ्या मनात काय होतं, बाळा?"

तो तिच्याकडे बघतच नव्हता. टेबलाला वळसा घालून माझ्यासमोर आला आणि मराठीत बोलायला लागला.

"काल मी चुकीचा बोललो. Your call म्हणालो कारण मला तेच शिकवलंय, कोणाला अडवायचा नाही. It's polite. पण मी रात्रभर... मंजिरी, मला तू जायला नको. ते तीन वांगी बघितले आणि वाटलं, आज काही बिघडायला नको. Please. आज नको."

"तू तर हसत होतास. पोळीला."

"अजून हसतो. मी believe करत नाही." त्यानं एक श्वास घेतला. "तरी ठेवला. थांब ना. माझ्यासाठी थांब."

तंबूत लोक केक बघत होते, कुणीतरी कांद्यांचे फोटो काढत होतं. मी मात्र भर दुपारी, डेलियाच्या फुलांसमोर, रडायला लागले.

"एवढंच म्हणायचं होतं काल," मी म्हणाले. "आवडतोस तू मला. गारांपासून आवडतोस. मी रोज पाण्यासाठी येत होते असं वाटलं काय तुला?"

"मला वाटलं वांग्यांसाठी."

"काहून रे इतका बावळट तू?"

तो हसला. माझा हात धरला त्यानं, मातीनं खरखरीत झालेल्या बोटांनी, आणि आम्हाला दोघांनाही पुढे काय करायचं ते सुचेना. शेवटी हिलरीनंच मला टिश्यू दिला.

"काय म्हणाला तो?" तिनं विचारलं.

"थांब म्हणाला."

"एवढी वांगी वाया घालवून?" ती म्हणाली आणि आपलं लाल कार्ड नीट करायला गेली.

मी तिथेच उभ्या उभ्या ऑफिसला मेल लिहिली. रीडिंग. सोमवारची वाट बघायची गरज उरली नव्हती. पाठवायचं बटण नकुलला दाबायला लावलं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पिनर. त्यानं स्पीकर लावला.

"काय झालं? आला का पहिला नंबर?"

"नाही आई. Disqualify झालो. चार ठेवले."

अरुणामावशी म्हणाल्या, "बरं केलंस. तीन कशी ठेवणार?" आणि जरा थांबून, आवाज खाली आणत, "आणि ती मुलगी? पुण्याला जाणार म्हणत होतास, ती गेली का?"

नकुलनं फोन माझ्यापुढे धरला.

"मी आहे, मावशी," मी म्हणाले. "इथेच आहे."