दोन फुल्या

विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. कोणी सांगितलं असतं तर मीही ठेवला नसता.

पण हे माझ्यासमोर घडलंय.

गेल्या नोव्हेंबरातला बुधवार. लोणावळ्यात तुंगार्लीच्या बाजूला एक बंद बंगला. सकाळचे अकरा. अमावस्या वगैरे नव्हती, माफ करा.

मी पडीक घरं शोधते. किंमत ठरवून विकत घेते, दुरुस्त करून विकते. हे कोणी शिकवलं नाही, भिंती वाजवून वाजवून शिकले. सोबतीला अकरा वर्षं एकच मिस्त्री, आदिनाथ. जी भिंत पाडायची तिच्यावर मी निळ्या खडूनं फुली मारते. फुली दिसली की आदिनाथ काही विचारत नाही, घण उचलतो.

तिथे स्वयंपाकघराची एक भिंत नको होती. मारली फुली.

छत बघून खाली आलो...

फुली नव्हती.

भिंत ओली होती. फडक्यानं पुसल्यासारखी.

"मारलीच नसंल तुमी," आदिनाथ म्हणाला. "वय झालं ताई आता."

"आणि तू मिशीला कलप लावतोस तो कशाला?"

पुन्हा मारली. चांगली ठसठशीत. बाहेरून मापं घ्यायला गेलो, तेवढ्यात आतून...

फडकं पिळल्याचा आवाज.

मग थेंब. टप... टप...

घराचं पाणी सहा वर्षांपूर्वीच तोडलेलं. आत साधी बादलीही नव्हती.

धावत गेलो. फुली पुसलेली.

किल्ली शेजारच्या श्रीपती आबांकडची. परत द्यायला गेलो तर ते ओट्यावर वाल सोलत होते.

"फुली मारली व्हय?"

"दोनदा मारली आबा. कोणीतरी पुसली."

"कोण पुसतंय ते आमाला ठावं न्हाई. पर पुसली म्हंजी गेली असं न्हाई, बाई. ती दुसरीकडं निघती."

"कुठे?"

आबा आदिनाथकडे बघत होते. तो पाठमोरा उभा राहून चपलेतला खडा काढत होता.

त्याच्या शर्टावर, बरोबर पाठीच्या मधोमध...

निळी फुली.

"भिंतीला टेकलास वाटतं," म्हणत मी पदरानं पुसली.

"मला पन पाडता का काय ताई?"

आम्ही दोघं हसलो. आबा हसले नाहीत.

तो बंगला मी सोडून दिला.

शनिवारी तळेगावच्या दुसऱ्या कामावर एक भिंत आदिनाथच्या अंगावर आली. चांगली भिंत होती. मी स्वतः वाजवून पाहिलेली, ठेवायची म्हणून ठरवलेली.

तो जागीच गेला.

खडू मी इंद्रायणीत टाकला. काम बंद केलं. आदिनाथ डोळ्यांसमोरून जात नाही.

आणि आणखी एक गोष्ट जात नाही.

मी फुल्या दोन मारल्या होत्या.

सापडली एकच.

म्हणून हल्ली घराबाहेर पडताना मी नवऱ्याला पाठ दाखवते. "काही आहे का हो?" सुहास पेपरातून मान वर करून म्हणतात, "काही नाही गं."

काल सकाळीही तेच म्हणाले.

पण त्याआधी उठून आले... आणि माझ्या पाठीवरून दोनदा हात फिरवला. जरा घाईनं.

मी चहा दिला. त्यांनी कप डाव्या हातात घेतला. उजवी मूठ उघडलीच नाही.

मग मोरीतला नळ वाजत राहिला. बराच वेळ.

आज मी बाहेर पडलेली नाही. घरातल्या भिंती वाजवत बसलेय. सगळ्या चांगल्या वाजतायत.

तळेगावचीही चांगलीच वाजली होती.