तिसऱ्या तोफेचा खड्डा

आयव्ही थरगुडनं गवताची पेंढी खड्ड्यात टाकली. युद्धात इथून विमानं पाडायच्या तोफा चालायच्या. तोफा सरकारनं केव्हाच नेल्या, काँक्रीटच्या भिंती तेवढ्या राहिल्या. इंग्लंडातल्या एसेक्सचा वारा अडवायला त्या बऱ्या, म्हणून व्यायलेल्या मेंढ्या इथंच असायच्या आणि गोळे ठेवायच्या कोनाड्यांत कोकरं झोपायची.

"कोकरं मोठी झाली की यंत्र येतंय हे फोडायला," नवरा सिरिल भिंतीवरून म्हणाला. "बटाटे लावू."

"मेव्हिस इथं मेली, सिरिल. युद्धात, तोफेवर माझ्या शेजारी उभी होती."

"मग गावच्या स्मारकावर नाव का नाही तिचं?"

"कारण ती बाई होती!" आयव्ही कडाडली. "विमान आम्ही हेरायचं, दुर्बिणीतून माग आम्ही काढायचा, बॉम्ब आमच्या डोक्यावर पडायचे. चाप मात्र बाप्यानंच ओढायचा. बाईनं माणूस मारलेला शोभत नाही म्हणे. ती मेली तर चालतं!"

"झालं हिचं भाषण सुरू. चहा तरी दे आधी."

मेंढ्यांचं रवंथ थांबलं.

सगळ्यांनी एकदम माना वर केल्या, नदीच्या दिशेला. आभाळ करडं, रिकामं. मग माना हळूहळू वळू लागल्या. एका चालीनं, न अडखळता. ती चाल आयव्हीच्या मनगटाच्या ओळखीची होती. दुर्बिणीचं चाक ती तसंच फिरवायची.

"ससाणा असेल," म्हणत सिरिल खाली उतरला. बर्फ सगळीकडे साचलं होतं. फक्त मधोमध, तोफ जखडायच्या बोल्टांभोवती, जमीन ओली होती. त्यानं एका बोल्टला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"च्यायला, तापलाय हा!"

तापलेल्या तेलाचा वास आला.

माना थांबल्या. बरोबर डोक्यावर.

कुणीतरी हलक्या आवाजात विमानाच्या उंचीचे आकडे सांगू लागलं. पोरीचा आवाज, थंडीनं बसलेला. मेव्हिसचा.

सिरिलचा उजवा हात वर उचलला गेला.

"आयव्ही... मी नाही करत हे."

"माहीत आहे मला. सरक."

ती त्याच्या जागी उभी राहिली. रिकाम्या हवेत हात घातला. मुठीत चापाचं गार लोखंड आलं.

तिनं ओढलं.

आवाज काहीच झाला नाही. मेंढ्यांनी माना खाली घातल्या आणि गवत खाऊ लागल्या.

सिरिलनं हात खाली घेतला.

"यंत्रवाल्याला सांगतो," तो म्हणाला. "येऊ नकोस म्हणून."

बर्फ पुन्हा भुरभुरू लागलं. आयव्हीच्या खांद्यावरचा एक पांढरा कण त्यानं बोटावर घेतला.

तो वितळला नाही. कोमट होता, राखेचा.