खिडकीतली पाच शितं

"सात मेलेत. आज एकदम सात. तुम्ही येताय, की मी पिशवीत भरून तुमच्याकडे घेऊन येऊ?"

फोनवरचा आवाज म्हातारीचा होता, पण रडका नव्हता. उपनिरीक्षक नंदा शेलारने आधी विचारलं, "सात कोण?" उत्तर ऐकून तिने रिसीव्हरवर हात ठेवला आणि सिनियरकडे पाहिलं. पक्षी म्हटल्यावर अख्खं पोलीस ठाणं खिदळलं.

"जा शेलार," सिनियर म्हणाला. "कावळ्याच्या बायकोचा जबाब पण घे."

ठाकुर्ली पूर्वेला, दोन टॉवरांच्या मधल्या बेचक्यात, आगाशांचं बैठं घर अजून तग धरून होतं. पुढे एवढासा व्हरांडा आणि मागे हे मोठं परस. आंबा, शेवगा, पपई, जास्वंद, मातीची पाण्याची पसरट भांडी, फांदीला टांगलेल्या ताटल्या. अशा ठिकाणी आल्यावर कुणालाही बरं वाटलं असतं, पण आंब्याखाली वर्तमानपत्रावर सात पक्षी ओळीने निजवलेले होते.

"तीन सातभाई, तीन साळुंक्या, एक कावळा," सरोज आगाशे म्हणाल्या. वय चौऱ्याहत्तर, पातळ चोपून नेसलेलं, हातात जाड वही. "ही माझी वही. इथे येणारा प्रत्येक पक्षी मी लिहून ठेवते. आठ तारखेला पहिला कावळा मेला. तेराला दोन साळुंक्या. सतराला चार पक्षी. आज बावीस, आज सात."

"कोणावर संशय?"

"संशय कसला? पलीकडचा उत्तम म्हात्रे. त्याच्या गाडीवर पक्षी घाण करतात म्हणून माझ्याशी भांडला होता. सगळ्यांना औषध घालीन म्हणाला. दहा जणांनी ऐकलंय."

नंदाने टांगलेल्या ताटल्या पाहिल्या. राळं, फुटकी बाजरी, पपईच्या फोडी. मुनियांचा एक थवा बिनघोर राळं टिपत बसला होता. पपईवर तांबट होता.

"हे रोज खातात?"

"रोज."

"ह्यांच्यातलं कोणी मेलं?"

सरोजबाईंनी वही चाळली. "नाही. मुनिया नाही, तांबट नाही, शिंजीर नाही."

"पाणी सगळे हेच पितात?"

"हेच."

"उरलेला भात, पोळी, असलं काही घालता?"

"शिजवलेलं अन्न माझ्या परसात पक्ष्यांना कधीच नाही," सरोजबाई एकदम तापल्या. "पोटं बिघडतात त्यांची. लोकांना वाटतं पुण्य लागतं. मी कामाला येणाऱ्या तुळसालासुद्धा बजावलंय, खिडकीतून शीत बाहेर पडता कामा नये."

मग त्या खाली वाकल्या आणि एका मेलेल्या साळुंकीचं पीस बोटाने सारखं केलं. "मला मूलबाळ नाही, बाई. ह्या परसाशिवाय मला काही नाही. तुम्ही हसा वाटलं तर."

नंदा हसली नाही. तिला कीव आली, आणि कीव आली की तपासात माती होते हे तिला अनुभवाने ठाऊक होतं.

परसाकडच्या खोलीत खिडकीला लावून पलंग होता. त्यावर भाऊ आगाशे, सरोजबाईंचे यजमान, एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. वर्षापूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली, वाचाही गेल्यातच जमा. उशांना टेकवून बसवलं होतं आणि नजर थेट आंब्याखाली लागली होती. टिटवाळ्याहून येणारी तुळसा, त्यांचं सगळं करणारी बाई, रिकामी वाटी घेऊन निघाली होती. वाटीला पिवळट भात चिकटला होता आणि हिंगाचा वास येत होता.

"मेतकूट-भात," सरोजबाई म्हणाल्या. "दुसरं काही गिळवत नाही ह्यांना. मी कालवून देते, तुळसा भरवते. त्या वेळात मी पुढे बसून वही लिहिते."

"देवाचं वगैरे करायचे का भाऊ?" खिडकीकडे बघत नंदाने विचारलं.

"हे?" सरोजबाईंच्या ओठाला मुरड पडली. "जानवं कॉलेजात असताना काढून फेकलं. जेवणाआधी माझ्या वडिलांनी ताटाशेजारी चित्राहुतीची शितं मांडली तर म्हणायचे, मुंग्यांना तुमच्या मंत्राची गरज नाही. भर पंगतीत."

नंदाने खिडकीच्या चौकटीवर हात टेकला. लाकडाच्या फटीत मुंग्यांची रांग होती. त्या वाळकी पिवळी शितं ओढत होत्या.

उत्तम म्हात्रे फाटकापाशीच भेटला. हात बांधून, वाट बघत.

"औषध घालीन बोलला होतात?"

"बोल्लो व्हतो. गाडी नवी हाय मॅडम, रोज धुतो. पन रागात मानूस काय बी बोलतो. घालायचं असतं तं तोंडानी बोल्लो असतो का?"

"तुमच्या घरी मेतकूट असतं?"

"ते काय असतं?" उत्तम म्हणाला. "आमचेकडं भाताबरोबर मच्छी लागते."

नंदाने मेलेले पक्षी तपासायला पाठवले होते; चार दिवसांनी पशुवैद्याचा फोन आला. सगळ्या पक्ष्यांच्या पोटात मऊ भात, हळदीचा रंग, हिंगाचा वास. आणि त्या भातात कीटकनाशक. एका शितात एवढं की चिमूटभर जीव तडफडायलाही उरू नये.

नंदाने वहीतल्या तारखा कागदावर उतरवल्या आणि भाऊंना व्यायाम द्यायला येणाऱ्या ऋजुताला फोन लावला.

"ह्या महिन्यात कुठल्या कुठल्या दिवशी गेली होतीस?"

"थांबा हं. तीन, सात, बारा, सोळा, एकवीस. आणि आत्ता तिथूनच निघालेय. मॅडम, भाऊ आज चक्क उभे राहिले. बोलणं पण सुधारतंय. काकूंना म्हटलं, दिवाळीत काठी घेऊन परसात फिरतील बघा."

"काकू काय म्हणाल्या?"

"काही नाही. थकल्यात बिचाऱ्या."

नंदाने फोन ठेवला. मग ऋजुताची प्रत्येक तारीख वहीतल्या तारखेसमोर लिहिली.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला तिने तुळसाला परसातल्या नळावर गाठलं.

"खिडकीत भात कोण ठेवतं?"

"मला नाय माहीत."

"तुळसा, त्या भातात विष होतं. तू ठेवला असशील तर आत तू जाशील."

तुळसाच्या हातातला तांब्या नळाखाली भरून वाहायला लागला. "मॅडम, मी मुद्दाम नाय केलं काय. भाऊ तोंडच उघडत नायत. शितं, शितं करतात. खिडकीत पाच शितं मांडली, की मग बसतात बघत. पाखरांनी उचलली, की आणखी पाच मांडायला लावतात. बराच वेळ. काकूंना कळलं तर कामावरून काढतील म्हणून मी सांगितलं नाय."

"कधीपासून हे?"

"ह्याच महिन्यात. चार तारखेला लई उलट्या झाल्या त्यांना. डॉक्टर बोलले पोट बिघडलं. दुसऱ्या दिवसापासून शितं मागायला लागले. मला वाटलं, आजारपणात देव आठवला."

"शितं ठेवल्यावर रोज जेवतात?"

"रोज नाय. कधी कधी तोंड घट्ट मिटून घेतात, मग मी भात संडासात टाकते आणि केळं देते. काकू ओरडतील ना, जेवले नाय म्हटल्यावर."

अकरा वाजता सरोजबाईंनी वाटी आणून पलंगाशेजारी ठेवली आणि नंदाला पाहून थबकल्या. "उत्तमला धरलं का?"

"धरणारच आहे कोणाला तरी आज. काकू, बसा ना."

नंदाने वाटी उचलली. दोन बोटांनी भात घेऊन ती परसात गेली आणि टांगलेल्या ताटलीत पाच शितं ठेवली. सरोजबाई मागोमाग दारापर्यंत आल्या.

"हे काय करताय? शिजवलेलं अन्न मी घालत नाही म्हटलं ना."

"एक दिवस घालू."

आंब्यावरून एक साळुंकी उतरली. एका पायाने लंगडत ती ताटलीच्या कडेवर सरकली, मान तिरकी करून भाताकडे बघायला लागली. ती चोच खाली घालणार, एवढ्यात चौऱ्याहत्तर वर्षांची सरोजबाई पायातली चप्पल टाकून धावली. तिने ताटली हाताने उधळून दिली, साळुंकीला हुसकावलं, मग गुडघ्यांवर बसून मातीतून एकेक शीत वेचायला लागली. पदरात घेतलेली शितं तिने दोनदा मोजली.

नंदा शेजारी उकिडवी बसली.

"काकू, हा भाऊंचा भात आहे. भाऊंनी खाल्लेला चालतो, मग साळुंकीला का नको?"

सरोजबाईंनी पदर मुठीत आवळला.

"मी सांगते," नंदा म्हणाली. "मेले ते सगळे भात खाणारे. दाणे टिपणारे, फळं खाणारे सगळे धडधाकट. म्हणजे विष ताटलीत नव्हतं, पाण्यात नव्हतं. ते मेतकूट-भातात होतं, आणि मेतकूट-भात ह्या घरात एकच माणूस खातो. विष पक्ष्यांसाठी नव्हतंच. ऋजुता आली, भाऊ सुधारतायत म्हणाली, की दुसऱ्या दिवशी तुम्ही वाटीत औषध कालवत होतात. तीनला ती आली, चारला उलट्या. सातला आली, आठला कावळा. बारा आणि तेरा. सोळा आणि सतरा. एकवीस आणि बावीस. भाऊ मरत नाहीत बघून तुम्ही मात्रा वाढवत गेलात. म्हणून एकाचे सात झाले. काल संध्याकाळी ऋजुता येऊन गेली, म्हणून मी आज आले."

"पण मी शितं बाहेर टाकू देत नव्हते," सरोजबाई म्हणाल्या. "कोणी टाकली?"

"तुळसाने. भाऊंनी सांगितलं म्हणून."

"ह्यांनी? चित्राहुती?"

"ती चित्राहुती नव्हती, काकू. पहिल्या दिवशी उलट्या झाल्या आणि त्यांना कळलं. तेव्हापासून ते आधी तुमच्या पक्ष्यांना जेवायला घालत होते. पक्षी पडले की तोंड मिटायचं. नाही पडले तर जेवायचं."

सरोजबाई उठल्या. पदरातली शितं तशीच धरून त्या खिडकीपाशी गेल्या. आत भाऊ उशांना टेकून बसले होते.

"माझे सातभाई," त्या म्हणाल्या. "चौदा जीव मी उचलले तुमच्या डोळ्यांसमोर. तुम्ही बघत होतात."

नंदाही चौकटीशी आली. "भाऊ, हो असेल तर डाव्या बोटाने पलंग वाजवा. भातात विष आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

टक.

"तुळसाला सांगता आलं असतं?"

टक.

"ऋजुताला?"

टक.

"मग सांगितलं का नाही?"

ह्याला हो-नाही उत्तर नव्हतं. भाऊंनी बायकोकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडाची चांगली असलेली बाजू वर गेली. म्हातारा हसत होता. तीन आठवडे हे नाटक त्याने खिडकीतून फुकट पाहिलं होतं. दर वेळी ती हातात मेलेला जीव घेऊन आंब्याखाली बसायची, आणि तो भुकेल्या पोटी ते बघत राहायचा.

खून करणारी माणसं तिने पाहिली होती. आपलाच खून होत असताना असा हसणारा माणूस पाहिला नव्हता.

"का केलंत, काकू?"

"सेहेचाळीस वर्षं," सरोजबाई सावकाश म्हणाल्या. "लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी बुलबुलाचं पिल्लू वाढवलं होतं. एक दिवस आमटी अळणी झाली. ह्यांनी ताटावरून उठून पिल्लाची मान पिरगळली, हात धुतले आणि परत जेवायला बसले. त्यानंतर घरात पक्षी नाही, परसात दाणा नाही. छर्‍याची बंदूक होती ह्यांच्याकडे, रविवारी चालायची. ह्यांना झटका आला आणि मी पहिली ताटली टांगली. एक वर्ष मिळालं मला. एकच. मग ती पोर म्हणते, दिवाळीत परसात फिरतील."

तुळसा दारात तोंडाला पदर लावून उभी होती.

"आम्हाला सांगायचं होतंत," नंदा म्हणाली, पण ते तिचं तिलाच पोकळ वाटलं. पक्षी म्हटल्यावर सगळे कसे हसले होते ते तिला आठवलं.

"काय सांगणार होते? चव्वेचाळीस वर्षांपूर्वी पिल्लू मारलं म्हणून?" सरोजबाईंनी पदरातली शितं स्वतः वाटीत ओतली आणि वाटी नंदाच्या हातात दिली. "हे घ्या, तुम्हाला लागेल. औषध देव्हाऱ्यामागे आहे, मेतकुटाच्या दुसऱ्या बरणीत. माझं एकच ऐका. ह्यांचं बोलणं आणखी सुधारण्याआधी त्या उत्तमला सांगा, ताटल्या भरत जा म्हणावं. त्याच्यावर मी उगाच आळ घेतला."

"सांगते."

नंदाने तिला दंडाला धरलं. बेड्या घातल्या नाहीत. सरोजबाई ताठ चालत होत्या, फाटकापर्यंतही तशाच गेल्या असत्या.

पण मागून खिडकीतून आवाज आला. घोगरा, तुटका, वर्षभर फारसा न वापरलेला, तरी शाळेच्या मैदानावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा.

"तुळसा."

"जी, भाऊ."

"आंबा... तोडून... घे."

भाऊंनी श्वास घेतला आणि एकेक शब्द नीट जुळवला.

"सगळी... झाडं. उद्याच... माणूस... बोलाव."

"पालिकेची परवानगी लागते झाडांना," नंदा वळून म्हणाली. तिच्या हातात कायद्याचं तेवढंच शिल्लक होतं.

"मिळेल," भाऊ म्हणाले. हा शब्द मात्र न अडखळता आला.

अटकेने न वाकलेली सरोजबाई तिथे पायरीवर मटकन बसली. तिला उठवून गाडीत घालायला नंदाला तुळसाची मदत घ्यावी लागली.