आखडलेल्या पायांची रांग

१९६१ साली मी महाडच्या एका दवाखान्यात डॉक्टर होतो. तिथे एकाच तक्रारीचे रोगी येऊ लागले. उजवा गुडघा हळूहळू आखडायचा आणि पुढे दुमडायचाच नाही. सूज नाही, ताप नाही. पहिला आला येसाजी, दगडफोड्या. मग एक शिंपीण, मग एक गाडीवान. सगळे गावाबाहेरच्या नव्या वस्तीतले. पाचाडहून, बिरवाडीहून, कुठून कुठून आलेल्या लोकांनी पडीक जमिनीवर तिथे घरं बांधली होती.

मला संख्याशास्त्राची आवड. वस्तीचा नकाशा पातळ कागदावर काढून प्रत्येक रोग्याच्या घरावर लाल ठिपका दिला. रोग पाण्यातून आला असता, तर ठिपके एखाद्या विहिरीभोवती दाटले असते. योगायोग असता, तर विखुरले असते. पण ते कोयत्याच्या पात्यासारख्या वाकलेल्या रांगेत बसले. हे आपोआप घडण्याची शक्यता मांडून पाहिली. ती इतकी कमी निघाली, की मी गणित पुन्हा केलं. रांगेच्या मध्यावर एकच घर ठिपक्याविना होतं. तिथली चंद्राबाई आणि तिचा नवरा अगदी धडधाकट.

पुढची पाहणी पोलादपूरकडे होती. तिकडचा नकाशा टेबलावर पसरला आणि माझा पातळ कागद त्यावर पडला. खालून डोंगरातल्या एका वाडीची घरं दिसत होती. प्रत्येक ठिपक्याखाली एक घर. चंद्राबाईच्या ठिपका नसलेल्या जागेखालीही एक.

माझ्या रोग्यांपैकी त्या वाडीचा एकही नव्हता.

भर दुपारी मी वाडीत पोहोचलो. माणसं मुंबईला गेलेली, भिंती पडलेल्या. उरली होती एकटी ठकूबाई. जोत्यांची वाकडी रांग दरीकडे तोंड करून होती. ओट्यांच्या कडा बसून बसून गुळगुळीत झाल्या होत्या.

"इथे कोण बसायचं, ठकूबाई?"

"वाडीतली मानसं. उजवा पाय लांब करून."

"कशासाठी?"

तिने दरीकडे पाहिलं. "न्यायला येनार व्हतं."

"कोण?"

ती रांगेतल्या पुढच्या जोत्याकडे चालू लागली.

"मग आलं का कोणी?"

"सगळी बसल्याबिगर कसं येल?"

मधलं एक जोतं ताजं सारवलेलं होतं. पण शेणासाठी वाडीत एकही जनावर नव्हतं.

"आणि हे कोणाचं?"

"हितं कोन बसलं नाय अजून."

उतरलो तो थेट चंद्राबाईकडे गेलो. ती सुपात तांदूळ निवडत होती.

"हे घर सोडा. बिरवाडीत खोली बघून देतो."

"का वो, डाक्टर? पानी वाईट हाय का?"

"हो," मी खोटंच सांगितलं.

दोघं गेली. चंद्राबाईला पुढे काहीही झालं नाही. मला बरं वाटलं.

काही दिवसांनी सकाळी दवाखाना उघडायला गेलो, तर पडवीत रोगी आधीच येऊन बसले होते. एरवी एकमेकांशी न बोलणारी माणसं. कोणी बोलावलं नव्हतं.

सगळ्यांचे उजवे पाय लांब केलेले. रांग मध्ये वाकलेली.

मध्यावर एका माणसापुरती जागा होती.

येसाजीने तिथली धूळ तळहाताने हलकेच पुसली.

"बसा, डाक्टर," तो म्हणाला. "आता लय वेळ नाय."